दोन डोक्यांचं यंत्र आणि मन्मथअप्पा

आमच्या रुग्णालयात, काम झालं का, असं सरळ विचारणं उद्धटपणाचं मानलं जाई. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असे : "झालं समजा." लिफ्ट दुरुस्त झाली समजा. पाण्याची टाकी धुतली समजा. मुंबईहून सही होऊन आली समजा. मी या संस्थेत रेकॉर्ड विभाग सांभाळत असे, आणि मराठी बरं आहे या आरोपावरून परिपत्रकं, निमंत्रणपत्रिका आणि अध्यक्षांची भाषणंही माझ्याकडूनच लिहून घेतली जात. नांदेडची चार मजली इमारत आणि लातूरची दोन मजली शाखा, दोन्ही या एका उत्तरावर कशा उभ्या राहिल्या, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

हे उत्तर न चालणारा एकच माणूस तिथं होता. मन्मथ उस्तुरे. सगळे त्यांना अप्पा म्हणत.

अप्पा मूळचे उदगीरचे. वडिलांचं धान्याचं दुकान. आलेल्या पोत्यात पोकळ लोखंडी नळी खुपसायची, आतून मूठभर दाणे काढायचे, तळहातावर पसरून बघायचे आणि मग पोतं उतरवून घ्यायचं, हे शिक्षण त्यांना शाळेच्या आधी मिळालं होतं. "वरचा दाना समदेच चांगला ठेवत्यात, मास्तर," ते मला म्हणायचे. मी कधीच शिक्षक नव्हतो. पण सूचनाफलकावरची सूचना मी एकदा लाल पेनानं दुरुस्त केली, तेव्हापासून त्यांच्या लेखी मास्तर झालो. "नळी मधी घालायची. तळाला घालायची. मग बोलायचं."

ठेंगणा बांधा, कपाळावर भस्माची तीन बोटं, आणि अंगात बाराही महिने मरून रंगाचं अर्ध्या बाह्यांचं स्वेटर. नांदेडच्या मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस स्वेटर घालून फाटकासमोरच्या टपरीवर चहा पीत उभा राही. रिक्षावाले त्यांना 'स्वेटरवाले काका' म्हणत आणि काहीतरी दुर्धर दुखणं असावं असं समजून जागा करून देत. दुखणं काही नव्हतं. एक्स-रे विभागाच्या बोळाच्या टोकाला जी काचेच्या दाराची खोली होती, तिथं एसी चोवीस तास चाले आणि अप्पांची नोकरी त्या खोलीत होती.

त्या खोलीत यंत्र होतं. रुग्णालयात काढलेला प्रत्येक एक्स-रे, सीटी, सोनोग्राफीचं प्रत्येक चित्र त्याच्या डिस्कांवर जमा होई. कपाटाएवढ्या त्या यंत्राला दोन डोकी होती, म्हणजे दोन कंट्रोलर. निम्म्या डिस्का एकाच्या ताब्यात, निम्म्या दुसऱ्याच्या. या सगळ्याची नक्कल रोज आपोआप लातूरच्या शाखेतल्या दुसऱ्या यंत्रावर जाई. निदान तशी समजूत होती.

अप्पांचा स्वभाव दाखवायला त्यांच्या मुलीचा साखरपुडा पुरे. उदगीरला होता, आम्ही काही जण गेलो होतो. अंगठ्या घालून झाल्या, पंगत बसायची वेळ आली, आणि अप्पांनी फोटोग्राफरला कोपऱ्यात घेतलं. "काढलेले दाखवा." तो म्हणाला, "काका, मस्त आलेत." "मस्त ऱ्हाऊ द्या. दाखवा." कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्यांनी एकेक फोटो बघायला सुरुवात केली. व्याही ताटकळले, वरण निवलं. बायको दोनदा येऊन कानडीत काहीतरी बोलून गेली. भाषा येत नसूनही आशय आम्हाला सगळ्यांना कळला. शेवटी एकूण एक फोटो नीट निघाले. एवढी पंगत अडवून काहीच चुकलेलं सापडलं नाही, तर दुसरा माणूस ओशाळला असता. अप्पा खूश झाले. "बघितलं म्हणून कळलं की न्हाई?" म्हणाले, आणि वाढायला लागले.

दुसरी गोष्ट खंडेनवमीची. त्या दिवशी आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होई. सीटी मशीनला हार, जनरेटरला हार, रुग्णवाहिकेला लिंबू. अध्यक्ष दादासाहेब स्वतः फिरत. अप्पा चांगले शिवभक्त, गळ्यात लिंग. पण त्यांच्या यंत्रावर कुंकू पडू द्यायला तयार नाहीत. ती भुकटी पंख्यातून आत ओढली जाते म्हणत. आता दादासाहेबांना नाही कोण म्हणणार? अप्पांनी नाही म्हटलंच नाही. काचेच्या दाराबाहेर एक स्टूल मांडलं, त्यावर पांढरा रुमाल, त्यावर केव्हाची मेलेली एक डिस्क, आणि समोर उदबत्ती. "हेच काळीज हाय यंत्राचं, दादासाहेब." दादासाहेबांनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, आणि मेलेल्या डिस्कसमोर डोळे मिटून फोटो काढून घेतला. तो फोटो वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. ओळ मीच लिहिली होती : 'परंपरा आणि तंत्रज्ञान'.

आणि मग ते रूपांतराचं प्रकरण निघालं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं, की दोन डोकी वेगवेगळी चालवायची पद्धत जुनी झाली, यापुढं तिला आधार मिळणार नाही. यंत्र समूह-पद्धतीवर न्या. त्यासाठी बैठक बसली. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला होता आणि वीस मिनिटं बोलून त्यानं सर्वांना समान अंधारात ठेवलं. दादासाहेब म्हणाले, "अप्पा, तुम्ही सांगा. आम्हाला कळेल असं."

"दोन भाऊ हायत म्हणा," अप्पा म्हणाले. "एका घरात ऱ्हात्यात, पर चूल वेगळी. एक आजारी पडला की त्याची लेकरं उपाशी. आता त्यायला एकत्र करायचं. समदं सामान दोघांचं. एक झोपला तरी दुसरा वाढतोय, अन् जेवनाऱ्याला कळतबी न्हाई कोन वाढलालाय."

"वा!" दादासाहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मला भाषण दिसायला लागलं.

"पर एक हाय," अप्पा म्हणाले. "एकत्र करायच्या आधी दोघांचंबी घर रिकामं करावं लागतंय. रिकामं म्हंजे साफ. डिस्का पुसायच्या. एकदा पुसलं की माघारी फिरता येत न्हाई. मग लातूरची नक्कल आनायची अन् भरायची."

"मग आहे ना लातूरला?"

"हाय म्हनत्यात."

इंजिनिअरनं लॅपटॉप फिरवून दाखवला. लातूरच्या यंत्राच्या नावापुढं हिरवा ठिपका होता. "काका, इथून दिसतंय की!"

"ठिपका दिसतोय," अप्पा म्हणाले. "चित्र कुठं दिसतंय? मला लातूरला जाऊ द्या. उघडून बघतो."

यापूर्वी त्यांनी तीनदा असा अर्ज केला होता आणि तीनदा 'आवश्यकता नाही' असा शेरा आला होता. लातूरचं यंत्र लातूरच्या अखत्यारीत. त्यात नांदेडनं डोकावणं लातूरच्या व्यवस्थापकांना अपमानाचं वाटे. चौथ्यांदाही तेच झालं. वर दादासाहेबांनी तारीख जाहीर केली. प्रमुख पाहुणे म्हणून माजी आमदार. पत्रिकेचा मजकूर माझ्याकडे आला, शीर्षक दादासाहेबांनी स्वतः सुचवलं होतं : 'डिजिटल एकीकरण सोहळा'. डिस्का पुसण्याच्या कामाला सनईचौघडा लावणारी आमची पहिलीच संस्था असावी.

त्या आठवड्यात डॉक्टर काझी मॅडम अप्पांच्या दारात उभ्या असलेल्या मी पाहिल्या. त्या एक्स-रे आणि सीटी विभागाच्या प्रमुख, जुन्या नांदेडमधल्या घराण्यातल्या, कमी बोलणाऱ्या. "अप्पा, मला सोहळ्याचं काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "देगलूरहून, बिलोलीहून लोक येतात. गाठ वाढली की कमी झाली, हे जुनं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय मी सांगू शकत नाही. जुनं गेलं तर मी अंदाजानं बोलणार. अंदाजानं मी कुणाला वाचवू?"

"यादी द्या," अप्पा म्हणाले. "ईस नंबर. जुने, नवे, मधले. तुमच्या मनानं."

त्यांनी रजा टाकली. मी लातूरच्या मान्यवरांना पत्रिका द्यायला निघालोच होतो, तेव्हा आम्ही एकाच बसनं गेलो. लोहा, अहमदपूर, खिडकीबाहेर सोयाबीन. रस्ताभर ते यादी गुडघ्यावर ठेवून बसले होते, आणि त्यांच्या अंगात स्वेटर नव्हतं म्हणून मला ते अर्धवट वाटत होते.

लातूरच्या व्यवस्थापकांना मी पत्रिका देत, चहा पीत, सोहळ्याच्या मंडपाचं वर्णन करत अडकवून ठेवलं. माझ्या हातून संस्थेची झालेली ती बहुधा एकमेव सेवा. वर गेलो तर अप्पा यंत्रासमोर बसून पुटपुटत होते, "ओंदु, एरडु, मूरु..." गंभीर प्रसंगी ते कानडीत मोजत. जुने नंबर उघडले होते. छाती, मेंदू, मणके, सगळं स्वच्छ. पण गेल्या चौदा महिन्यांतला एकही नंबर उघडत नव्हता. नाव दिसे, आत काही नाही.

त्यांनी कुणाला फोन केला नाही. खाली उतरून थेट रखवालदाराकडं गेले. गणपतमामा किल्लारीकडचे. भूकंपात घर गेलेलं, तेव्हापासून छताखाली झोपत नाहीत. फाटकाजवळ उघड्यावर खाट. शाखेतला सर्वात प्रामाणिक माणूस.

"मामा, वरल्या थंड खोलीला संध्याकाळी कोन ऱ्हातंय?"

"कोन ऱ्हानार? कुलूपच की."

"अन् लाइट?"

"लाइट बंद करतो की वो!" मामा जरा दुखावून म्हणाले. "पंखे, लाइट, मशिनी, समद्यायची बटनं. एक दिवस चुकलो न्हाई. सकाळी साहेब यायच्या आत परत चालू. वीज वाचवायचा कागद आलाय ना. हे बघा, भिताडाला लावलाय."

कागद मी ओळखला. 'कार्यालय सोडताना सर्व विद्युत उपकरणे बंद असल्याची खात्री करावी.' भाषा शुद्ध होती. लिहिणारा मीच. चौदा महिन्यांपूर्वी.

नक्कल रात्री जायची. मामा संध्याकाळी यंत्र बंद करत आणि सकाळी सुरू. दिवसभर हिरवा ठिपका, रोज. नक्कल फसल्याचे इशारे यंत्र इमानानं पाठवत होतं. पण ते ज्या इंजिनिअरच्या पत्त्यावर जात, तो केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि पत्ता बदलायचं काम झालं समजा होतं.

मला वाटलं अप्पा चिडतील. ते मामांच्या खाटेवर बसले. "मामा, त्या एका मशिनीचं बटन आता ऱ्हाऊ द्या चालू. मी चिठ्ठी चिटकवतो."

"काय चुकलं का माझं?"

"तुमी सांगितलं तसं केलं. चुकायला काय झालं?"

परतीच्या बसमध्ये त्यांनी अहवाल लिहिला. कारणाच्या रकान्यात 'वीजपुरवठा नियमित नव्हता' एवढंच. मी म्हटलं, "अप्पा, माझ्या परिपत्रकाचं लिहा." ते म्हणाले, "मास्तर, तुमचं नाव लिहिलं की मामाचं लिहावं लागतंय. त्याला परत घर पडल्यासारखं हुईल." आणि कागदाची घडी घातली.

आता आधी नक्कल पूर्ण करायची, मगच पुसायचं. नक्कल रात्रीचीच जाई, म्हणून तीन आठवडे लागणार होते. सोहळा तीन दिवसांवर होता.

दादासाहेबांनी अप्पांना केबिनमध्ये बोलावलं. टिपणं घ्यायला मीही होतो. "अप्पा, पत्रिका वाटून झाल्या. मंडप आला. चौदा महिन्यांचं एवढं काय? पेशंटकडं फिल्म असतीच की घरी."

"ज्याच्याकडं न्हाई त्याचं काय करायचं?"

"तुम्हाला पुढच्या वर्षी निवृत्तीनंतर मुदतवाढ पाहिजे ना?" दादासाहेब प्रेमानं म्हणाले. त्यांच्या धमक्या नेहमी प्रेमळ असत.

"पाहिजे की," अप्पा म्हणाले. "पर पुसत न्हाई."

पुण्याचा इंजिनिअर पुसायला तयार होता. खोलीची किल्ली आणि पासवर्ड मात्र अप्पांकडे होते, आणि त्या तीन दिवसांत अप्पा जेवायलासुद्धा खोलीबाहेर गेले नाहीत. डबा आत, किल्ली लिंगाशेजारी गळ्यात. शेवटी मंडपवाल्यानं तोड काढली. एक मोठा पडदा, एक लाल बटण. दाबलं की पडद्यावर दोन वर्तुळं एकमेकांत मिसळतात आणि 'एकीकरण पूर्ण' अशी अक्षरं उमटतात. यंत्राशी संबंध नाही. खंडेनवमीच्या स्टुलाची ही सुधारित आवृत्ती म्हणायची. फक्त या वेळी फसवणूक दादासाहेबांच्या बाजूनं होती.

सोहळा झाला. दोन भावांचा दाखला भाषणात आला, त्यातून गाव, तालुका, मराठवाडा आणि अखिल भारत एकत्र झाले. माजी आमदारांनी बटण दाबलं. वर्तुळं मिसळली. टाळ्या पडल्या. आमदार साधे गृहस्थ होते, खरोखर कुतूहलानं त्यांनी बाजूला उभ्या अप्पांना विचारलं, आणि माइक त्यांच्या हातातच होता, "झालं का हो?"

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले. "अजून चालू बी केलं न्हाई. लातूरची नक्कल पुरी व्हायची हाय. झाल्यावर सांगतो."

ते उद्धटपणानं बोलले नव्हते. कुणीतरी वाजलेत किती विचारावं आणि आपण घड्याळ बघून सांगावं, तसं बोलले. मंडपातल्या सगळ्या माना दादासाहेबांकडं वळल्या. पण दादासाहेब काही उगाच अध्यक्ष झाले नव्हते. त्यांनी माइक घेतला. "बघा! एवढं मोठं काम करूनही म्हणतो, अजून झालं नाही. कर्मचाऱ्यांचा हा विनय हेच आमच्या संस्थेचं वैभव!" टाळ्या आधीपेक्षा जास्त पडल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एकीकरण पूर्ण झालं होतं.

चौथ्या दिवशी विनयाबद्दल बक्षीस आलं. 'लातूर केंद्रातील यंत्रणेवर देखरेखीसाठी' बदली, मुदतवाढीचा उल्लेख नाही. पत्राचा मजकूर, सांगायला नको, माझाच. मी त्यात एकच गोष्ट करू शकलो : रुजू होण्याची तारीख दीड महिना पुढं टाकली. दादासाहेबांनी न वाचता सही केली. चांगल्या मराठीचा हा एक फायदा, ते पुरतं कुणी वाचत नाही.

नक्कल पूर्ण झाली. अप्पा पुन्हा लातूरला गेले, काझी मॅडमची नवी यादी घेऊन. या वेळी साठ नंबर. सगळे उघडले. त्यानंतरच्या रविवारी सकाळी अकराच्या सुमारास खोलीत अप्पा, काझी मॅडम आणि मी एवढेच होतो. पडद्यावर यंत्रानं विचारलं होतं, की सगळं पुसायचं, खात्री आहे का? अप्पांनी टाइप केलं, आणि शेवटची कळ दाबण्याआधी हात मांडीवर पुसले. "मॅडम, तुमी बघितलं ना साठच्या साठ?" "तुमच्या शेजारी बसून बघितलं, अप्पा." "हाव. बघितलं तर." मग कळ दाबली. मोठं काही झालं नाही. दिवे लुकलुकले, विझले, पुन्हा लागले. माजी आमदारांचं बटण याहून पुष्कळ प्रेक्षणीय होतं.

आठवडाभर लातूरहून चित्रं रात्रंदिवस परत येत राहिली. तेवढे दिवस काझी मॅडम जुनी चित्रं लातूरच्याच यंत्रावरून बघत होत्या. पुढच्या रविवारी अप्पांनी एक डोकं बंद करून बघितलं, मग दुसरं. दोन्ही वेळा उरलेल्यानं सगळा भार उचलला. मला वाटलं आता तरी झालं. पण ते म्हणाले, "ऐतवारी जेवायला कोन असतंय, मास्तर? सोमवारी बघायचं." काझी मॅडमना विचारून, त्यांनी होकार दिल्यावर, सोमवारी ऐन ओपीडीच्या गर्दीत त्यांनी एका कंट्रोलरची वायर काढली. मंगळवारी त्यांना लातूरला रुजू व्हायचं होतं.

वायर काढून ते बोळात आले. मी रेकॉर्ड विभागाच्या बोळाकडच्या खिडकीतून बघत होतो. एक्स-रेच्या दारासमोर नेहमीची रांग होती. यंत्राचं एक डोकं मेलेलं होतं आणि नांदेडमध्ये कुणालाही त्याची खबर नव्हती. लोक आत जात होते, बाहेर येत होते. उघड्या दारातून आतला पडदा दिसत होता. त्यावर काझी मॅडमनी कुणाच्या तरी छातीची दोन चित्रं शेजारी लावली होती, गेल्या वर्षीचं आणि आजचं. त्या पुढं झुकल्या, मग मागं टेकल्या, आणि समोरच्या म्हाताऱ्याला हातानं खूण करून सांगितलं, की लहान झालीय.

अप्पा भिंतीला टेकून उभे होते. स्वेटर, भस्म, हातात एक कापडी पिशवी. पिशवी त्यांची नव्हती. आत गेलेल्या म्हाताऱ्याच्या बायकोनं त्यांना वॉर्डातला माणूस समजून धरायला दिली होती. काही म्हणता काही होत नव्हतं, आणि ते न होणं ते डोळे भरून बघत होते. इतका सुखी माणूस मी त्या इमारतीत दुसरा पाहिला नाही.

रांग लावणारा शिपाई नवा होता. तो ओरडला, "ओ स्वेटरवाले काका, नंबर लागलाय का तुमचा? न्हाई ना? मग वाट अडवू नका, तिकडं बाकड्यावर बसा."

अप्पा "हाव, हाव" म्हणाले आणि ती पिशवी मांडीवर घेऊन बाकड्यावर जाऊन बसले.